वीस गुडघ्यांचे वाटे

साळूबाईंना वाडीत कुणी पुढारी म्हणत नाही, कारण पुढाऱ्यांवर वाडीचा विश्वास नाही आणि साळूबाईंवर आहे. गुंजवण्याच्या अलीकडे, राजगडाच्या पायथ्याला धरून चाळीसेक उंबऱ्यांची ही वाडी. तिथं कुठलीही गोष्ट दोघांत वाटायची वेळ आली, की साळूबाईंना हाक जाते. लग्नातली बुंदी त्यांच्या हातानं, बारशाच्या घुगऱ्या त्यांच्या हातानं. धरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला तुकडा ज्ञानोबा आणि त्याच्या भावात वाटायचा होता, तेव्हा तलाठी नकाशा घेऊन आले होते आणि साळूबाई कासरा घेऊन. नकाशावर अजून तारखा पडतायत. कासऱ्यानं आखलेला बांध जागचा हललेला नाही.

हा मान त्यांना मिळाला एका बोकडामुळे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी वाडीत मटणाचे वाटे पडतात. ताडपत्रीवर सारखे ढीग घालायचे. मग एकानं ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्यानं ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" आणि पाठमोऱ्यानं तोंडात येईल ते नाव घ्यायचं. कुणाला काय गेलं ते देणाऱ्याला दिसत नाही, म्हणून भांडण नाही. हे काम पुरुषांचं. पण पंधराएक वर्षांपूर्वी काळजाच्या तुकड्यावरून दोन साडू सुरे हातात घेऊन एकमेकांची विचारपूस करायला लागले, तेव्हा वाटा न्यायला आलेल्या साळूबाईंनी पदर खोचला, दोघांच्या हातातले सुरे काढून घेतले आणि तासाभरात चाळीस ढीग घातले. ते इतके सारखे, की ज्ञानोबानं संशयानं दोन ढीग तराजूत घालून पाहिले. तराजूत फरक निघाला. वाडीनं तराजू बदलला.

घरी त्यांचे यजमान आनंदराव. त्यांच्याकडे संसारातलं एकच खातं आहे: कुणी काही विचारलं की "हिला इचारा" असं सांगणं. ते त्यांनी चाळीस वर्षं चोख सांभाळलं आहे.

एवढ्या भरल्या आयुष्यात साळूबाईंना वैरी एकच, त्यांचा उजवा गुडघा. वय त्रेसष्ट. वाडीत भाताची आवणी सावडीनं होते. म्हणजे आज सगळ्या बायका माझ्या खाचरात, उद्या सगळ्या तुझ्या. कमरेत वाकून, पोटरीभर चिखलात, मागं मागं सरकत रोपं लावत जायची. ओळीच्या कडेला साळूबाई, कारण कडेची ओळ सरळ गेली की सगळं खाचर सरळ जातं. आणि ज्या बाईला चिखलात उभं राहणं होत नाही, ती बांधावर बसते. चहाची किटली राखते, रोपांच्या जुड्या पुढं करते. तिला कुणी काही म्हणत नाही. फक्त तिच्या देखत तिच्याबद्दल बोलताना "ती बांधावरची" असं म्हणतात. साळूबाईंनी स्वतःच कित्येकींना हे नाव दिलेलं होतं, त्यामुळे त्याची धार त्यांना चांगली माहीत होती.

गेल्या आवणीत तिसऱ्या दिवशी गुडघा चिखलातच अडकला. शेजारच्या ओळीतल्या चंद्राबाईनं काही न बोलता त्यांच्या वाटची चार हात ओळ लावून टाकली. चंद्राबाई शेजारीण, जाऊबाईंसारखी, तोंडानं फटकळ. ती बोलली असती तर चाललं असतं. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यानं साळूबाईंची झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, वाटी बदला. साळूबाई म्हणाल्या, वाट्या म्या बदलत न्हाई, भरते. येत्या आषाढात कडेची ओळ की बांध, एवढाच प्रश्न उरला होता.

नेमक्या त्याच चैत्रात विज्ञान वाडीत आलं. ते पप्पूच्या वडापमधून आलं.

पप्पू म्हणजे नसरापूर ते वेल्हे जीप चालवणारा बेचाळीस वर्षांचा बाप्या. नऊ जणांच्या गाडीत सतरा माणसं बसवायची कला अंगात असल्यामुळे पुण्यातल्या एका औषध कंपनीनं त्याला 'समाज समन्वयक' नेमलं होतं. गळ्यात पट्टा आला तसा त्याच्या मराठीला ताप चढला. "आत्ये, सदर औषध तुमच्या गुडघ्यासाठी असून," तो म्हणाला, "त्याचा लाभ घ्येन्यात यावा."

त्याच्या मागून उतरली डॉक्टर शेफाली. तिशीची, पायात पांढरे बूट, चेहऱ्यावर सगळ्यांचं भलं व्हावं असा भाव. मारुतीच्या देवळात वीस बायका जमल्या. शेफालीनं सुरुवातीलाच साळूबाईंना "आजी" म्हटलं.

"आजी तुजी पुन्यात," साळूबाई म्हणाल्या. "हितं समदी आत्या म्हंत्यात."

"बरं, आत्या. हे बघा, हे मलम आहे. यात औषधाचे अतिशय बारीक कण आहेत. नॅनो म्हणतात त्यांना. केसाच्या जाडीचे ऐंशी हजार भाग केले तर त्यातला एक भाग."

"कुनी क्येलं ऐंशी हजार भाग?" धोंडाबाईनं विचारलं. धोंडाबाईचा कशावरच विश्वास नसतो, कंडक्टरनं दिलेल्या तिकिटावरही.

"मशीननं."

"सारखं पडलं का?" हे अर्थात साळूबाई.

शेफाली गडबडली. "साधारण सारखे."

साळूबाईंनी 'साधारण' हा शब्द जिभेवर घोळवला आणि आंबट लागल्यासारखं तोंड केलं.

"आनि त्ये दिसत्यात का?" चंद्राबाई.

"नाही. डोळ्यांना नाही दिसत."

"मंग हायती कशावरनं?"

"अगं, रेंज दिसती का मोबाईलची?" पप्पू मध्ये पडला. "पन असती की न्हाई?"

"आपल्या वाडीत कुटं असती?" चंद्राबाई म्हणाली, आणि त्या दिवशीची विज्ञानाची पहिली फेरी वाडीनं जिंकली.

पण साळूबाईंचं मन त्या कणांच्या मागं मागं निघालं होतं. "बरं बाय, कातडीतनं आत ग्येलं, गुडघ्यात ग्येलं, काम क्येलं. काम झाल्यावर कुटं जात्यात?"

शेफाली प्रामाणिक होती. तिच्या धंद्यात हा दोष लवकर जात नाही. ती म्हणाली, "बहुतेक शरीराबाहेर पडतात."

"भौतेक?"

"बहुतेक."

"आनि भाईर पडून? आमी पाय धुतो खाचरात. खाचराचं पानी वढ्याला, वढ्याचं धरनात. आनि धरनाचं पानी पितंय कोन?"

शेफालीनं वही काढून हे लिहून घेतलं. पप्पू म्हणाला, "आत्ये, पर्यावरन पान अठरावर हाय."

अठरावं पान ज्यात होतं ते संमतीपत्र बावीस पानांचं होतं. वीस जणींपैकी सात जणींना वाचता येत होतं, आणि त्या सातजणींनाही ते वाचता येत नव्हतं. 'सदर अन्वेषणात्मक सूत्रीकरणाशी कार्यकारणभावाने निगडित प्रतिकूल घटना उद्भवल्यास' असं त्याचं मराठी. पुण्यात ते एका नीतिमत्ता समितीपुढं गेलं होतं. सात विद्वान माणसं दोन तास बसली, बटाटेवडे खाल्ले आणि बराच विचार करून त्यांनी एक दुरुस्ती सुचवली: अक्षर थोडं मोठं करा. त्यामुळे आता न समजणारं मराठी लांबूनही वाचता येत होतं.

पप्पूनं बावीस पानांचा सारांश एका दमात सांगितला. "खाज आली तर फोन करायचा. पंध्रा दिसाला रगात द्यायचं. एकच गुडगा निवडायचा. मनात आलं तर कवाबी सोडून जायचं. झालं."

"दुसऱ्या गुडघ्यानं काय पाप क्येलं?" धोंडाबाई.

"आनि धा वर्सांनी खाज आली तर?" साळूबाई.

"तवर माजा नंबर बदलंल, आत्ये. चला, अंगठं करा."

"थांब. आमच्या रगताचं काय करनार?"

"तपासनार."

"तपासून उरलं तर?"

"उरलं तर... ठिवून द्येत्याल. तुमाला काय परत पायजे का?"

शेफालीनं मग महत्त्वाचं सांगायला घेतलं. वीस डबे होते, प्रत्येकावर नंबर. दहा डब्यांतल्या नळ्यांत खरं औषध, दहांत नुसतं मलम, दिसायला अगदी तसंच. कुणाला काय मिळालं हे बायकांना कळणार नाही आणि शेफालीलाही नाही. पुण्यातल्या कंप्यूटरनं डोळे झाकून ठरवलंय.

हे ऐकताच साळूबाईंचा चेहरा खुलला. इतका वेळ परकं वाटणारं विज्ञान एकदम घरचं निघालं. "म्हंजी पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं! आमच्या जत्रंवानी!" त्यांनी शेफालीला बोकडाची सगळी पद्धत समजावली. शेफाली इतकी हरखली, की पुढच्या परिषदेत हे सांगायचं असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

"पन बाय," साळूबाई म्हणाल्या, "पाठ कवा फिरवायची? वाटं सारखं पडल्यावर. तुमी आदीच धा जनींच्या पानात मटान घातलं आनि धा जनींच्या पानात नुसती हळद. आनि मंग म्हंताय, आमी पाठ फिरवलीया, आमाला काय बी म्हाईत न्हाई. आमच्या वाडीत ह्याला येगळं नाव हाय."

"तसं केल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही, आत्या."

"कळंल की. समद्यांला द्या. बऱ्या झाल्या तर कळलं, न्हाई झाल्या तर कळलं."

शेफालीनं विज्ञानाची तीनशे वर्षं पाच मिनिटांत सांगायचा प्रयत्न केला. साळूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निवाडा दिला, "बरं. तुमी तुमच्या पद्धतीनं द्या. फुडं आमी आमच्या हातानं सारखं करू."

कायद्याप्रमाणे हे सगळं मोबाईलवर चित्रित करायचं असतं, म्हणजे बाईला सगळं नीट समजलं याचा पुरावा राहतो. ते काम पप्पूकडं होतं. साळूबाईंचं पहिलं चित्रण अकरा मिनिटांचं झालं, त्यात सगळे प्रश्न आणि शेवटचा निवाडासुद्धा होता. त्यावर पप्पूचा आवाजही होता: "करा करा, काय करायचं त्ये करा, आदी सही द्या." पण शेफाली पुढच्या बाईचं वजन घ्यायला गेली आणि पप्पूच्या लक्षात आलं, की एवढ्या लांबीचा पुरावा अपलोड व्हायला वेल्ह्यापर्यंत जावं लागेल. त्यानं दुसरं चित्रण घेतलं. त्यात साळूबाई पदर सारखा करून बसल्यात, पप्पू विचारतोय "आत्ये, समजलं का?" आणि त्या म्हणतात, "व्हय." सहा सेकंद. अशी वीस चित्रणं पुण्याला गेली आणि कंपनीत कौतुकाचा विषय झाली.

त्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी विज्ञानावर वाडीचे संस्कार झाले. वीस जणी साळूबाईंच्या अंगणात जमल्या. साळूबाईंनी लग्नातली मोठी परात काढली. एकेकीनं आठवड्याच्या नळ्या पिळून परातीत मलम काढलं. खरं आणि खोटं एकमेकांत असं मिसळलं, की कंप्यूटर येऊन बसला असता तरी त्याला वेगळं करता आलं नसतं. साळूबाईंनी उलथन्यानं ते घोटलं, वीस वाटे घातले. आनंदरावांना अंगणाकडं पाठ करून उभं केलं.

"ह्यो कुनाचा?"

"हिला इचारा," आनंदराव सवयीनं म्हणाले.

"अवं, नाव घ्या नाव!"

मलम कुणी पावडरच्या डब्यात नेलं, कुणी काजळाच्या, कुणी लोणच्याच्या बरणीत. पुढं दर सोमवारी हेच. रिकाम्या नळ्या जपून ठेवल्या जात आणि आठवड्यानं शेफालीला मोजून परत मिळत. एकही नळी अर्धवट नाही, एकही हरवलेली नाही. शेफालीनं अहवालात लिहिलं: इतके शिस्तबद्ध सहभागी आजवर पाहिले नाहीत. ते अक्षरशः खरं होतं. फक्त सगुणाबाईनं आपल्या वाट्यातलं थोडं बैलाच्या खांद्याला लावलं. बैलाचं संमतीपत्र भरलेलं नव्हतं, पण बाकीच्या वीस जणींइतकं तर त्यालाही समजलंच होतं.

चौथ्या आठवड्यात फरक दिसायला लागला. साळूबाई उंबरठा न धरता ओलांडू लागल्या. उकिडवं बसता येईना, पण बसल्यावर उठता येऊ लागलं. शेफालीनं विचारलं, "किती फरक, आत्या?"

"आठ आनं."

चंद्राबाईला विचारलं. आठ आणे. धोंडाबाई म्हणाली, "म्या इस्वास ठिवत न्हाई, पन आठ आनं." वीसच्या वीस जणींना बरोबर आठ आणे. रात्री बसून शेफालीनं वीसही आकडे पुन्हा तपासले. आणि त्यानंतर आला रक्ताचा अहवाल. ज्या दहा जणींच्या अंगात कण असायला हवे होते त्यांच्यात ते निम्मे, आणि ज्यांच्यात मुळीच असायला नको होते त्यांच्यातही तेवढेच. पुण्यात तीन दिवस मशीन दुरुस्त करण्यात गेले.

चौथ्या दिवशी अमृत साहेब आले. ते कंपनीचे नियमपालन अधिकारी. इस्त्रीचा सदरा, हातात सील करायची पिशवी, आणि थंडगार पेटी घेऊन मागं एक माणूस. देवळात पुन्हा वीस जणी बसल्या. कुणी काही लपवलं नाही. कारण लपवण्यासारखं काही केलं आहे असं एकीलाही वाटत नव्हतं. साळूबाईंनी तर परातही आणून दाखवली.

अमृत साहेबांनी परातीकडं बराच वेळ पाहिलं. "औषध दुसऱ्याला द्यायचं नाही हे पान सतरावर आहे," ते म्हणाले. "आणि तुम्हाला सगळं समजलं असं तुम्हीच सांगितलंय. सहा सेकंदांचं चित्रण आहे आमच्याकडे. म्हणजे जबाबदारी तुमची. उद्या कुणाला काही झालं, तर कंपनीकडे येता येणार नाही."

चंद्राबाईनं नकळत आपला गुडघा पदराखाली घेतला.

साळूबाई म्हणाल्या, "सा सेकंदात समजलं व्हय मला? पप्पू, ती पयली फिलीम काड."

पप्पूचं तोंड उतरलं. "आत्ये, मेमरी फुल झालती..."

"तुज्या गाडीत सतरा मानसं मावत्यात, आनि मोबाईलमदी म्या एकटी मावंना? काड."

पप्पूनं गळ्यातला पट्टा खिशात घातला आणि मोबाईल काढला. चित्रण पुसलेलं नव्हतं, कारण त्यात मागं त्याची नवी जीप चांगली आली होती. अकरा मिनिटं देवळात फक्त साळूबाईंचे प्रश्न ऐकू येत राहिले. शेवटी तो निवाडा आणि पप्पूचं "करा करा". शेफाली खाली मान घालून ऐकत होती. संपल्यावर ती म्हणाली, "सर, प्रश्न विचारले तेव्हा मी इथंच होते. त्या काय करणार ते त्यांनी सांगितलं होतं. मी ते ऐकूनही ऐकलं नाही."

अमृत साहेब अनुभवी होते. त्यांनी आवाज मऊ केला आणि साळूबाईंना बाजूला, घंटेखाली घेतलं. म्हणाले, "मावशी, असं बघा. ज्यांचं नाव मुळात औषधाच्या यादीत होतं, त्यातल्या एखादीला विशेष बाब म्हणून पुढं चालू ठेवता येईल." त्यांनी कागद उलगडून बोट ठेवलं. "तुमचा डबा खरा होता. तुम्ही वाटला नसता, तर आत्तापर्यंत गुडघा सोळा आणे झाला असता. अजून तीन आठवड्यांचं औषध आहे त्या पेटीत. पूर्ण. एकट्या तुमच्यासाठी. फक्त ती लांबडी फिल्म पुसायची, आणि या कागदावर सही करायची."

आवणीला दीड महिना होता. पूर्ण औषधाचे तीन आठवडे म्हणजे कडेची ओळ. आयुष्यभर दुसऱ्यांचे वाटे सारखे करणाऱ्या बाईच्या समोर पहिल्यांदाच एक अख्खा, न वाटायचा ढीग मांडला गेला होता. त्यांनी खांबाला धरून हळूच खाली बसून पाहिलं. निम्म्यात गुडघा थांबला. त्या परत उभ्या राहिल्या. साक्षरता वर्गात शिकलेली सही त्यांना येत होती. त्यांनी हात पुढं केला.

"पेन द्या."

बायकांतून चंद्राबाईचा आवाज आला, "कर की सही, आक्का! आमाला काय धाड भरलीया! तू उबी ऱ्हायलीस तर समद्यांची वळ सरळ जाईल."

चंद्राबाई हे बोलली नसती तर कदाचित सही झाली असती; पण आपला वाटा असा सोडून देणारीच्या देखत एकटीनं अख्खा ढीग उचलणं साळूबाईंना जमेना. साळूबाईंनी पेन उघडलं आणि शेफालीला म्हणाल्या, "बाय, कागदावर काय हाय त्ये वाच."

शेफालीनं वाचलं. "मला या औषधाबद्दलची सर्व माहिती समजली आहे आणि माझ्या सर्व प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली आहेत."

"कवा मिळाली? त्ये कन काम झाल्यावर कुटं जात्यात, कळलं का?"

"नाही."

"खाचरात ग्येलं तर भाताचं काय? धा वर्सांनी काय झालं तर म्या कुनाच्या दारात जायचं? आमचं रगत ठिवलंय, त्ये कुनाचं?"

"या गोष्टी अभ्यासाअंती स्पष्ट होतील," अमृत साहेब म्हणाले.

"मंग तसं लिवा की! 'आमाला बी अजून समजल्यालं न्हाई, तुमालाबी न्हाई, दोगं मिळून बगू.' म्या आत्ता सही करते. नुसती म्या न्हाई, ह्या समद्या करत्याल. गुडघा मलाबी पायजे, सायेब. लई पायजे. पन जे कळलं न्हाई त्ये कळलं म्हनून कसं लिवू?"

अमृत साहेबांनी कपाळ पुसलं. "असं संमतीपत्र कुठलीच समिती मान्य करणार नाही."

शेफालीनं त्यांच्या हातातला कागद घेतला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर साळूबाई म्हणाल्या तसं, सोप्या मराठीत, चार ओळी लिहिल्या. खाली स्वतःची सही केली. मग साळूबाईंनी केली, मग बाकीच्या एकोणीस जणींनी सह्या आणि अंगठे उठवले. धोंडाबाईनं तर दोन्ही हातांचे उठवले. बावीस पानं वाचायला जमली नव्हती; या चार ओळी सातही जणींनी मोठ्यानं वाचून बाकीच्यांना ऐकवल्या.

तो कागद अमृत साहेबांनी 'अवैध' असा शेरा मारून पिशवीत घातला आणि सील केला. थंड पेटी आली तशी गाडीत चढली. मोबाईलमधली फिल्म कुणी पुसली नाही. शेफालीनं पप्पूच्या मोबाईलवरून ती आपल्याकडं घेतली आणि समितीला धाडली. समितीनं ती दोन बैठकांत पाहिली. दुसऱ्या बैठकीत म्हणे बटाटेवडे कुणी खाल्ले नाहीत. दर सहा महिन्यांनी वीस जणींची तपासणी कंपनीनं पाच वर्षं करावी, असा आदेश निघाला. आठ आण्यांचा गुण मात्र कंपनीच्या नजरेतून सुटला नाही. निम्म्या मात्रेची नवी चाचणी घ्यायचं ठरलं आहे. त्यासाठी गाव शोधणं चालू आहे. अट एकच, गावातल्या बायका एकमेकींशी बोलत नसाव्यात. पप्पू नसरापूर, कामथडीपासून भोरच्या टोकापर्यंत जीप फिरवून आला. त्याला असं गाव अजून मिळालेलं नाही.

आषाढात आवणी लागली. पहिला दिवस साळूबाईंच्याच खाचराचा. त्या कुणाकडं न बघता कडेच्या ओळीला उतरल्या. सकाळभर गुडघ्यानं साथ दिली. ओळ अशी गेली की आनंदरावसुद्धा आपणहून "झ्याक" म्हणाले. पण दुपारच्या आधी आठ आणे संपले. पाय चिखलातून उचलेना. साळूबाई वाकलेल्याच राहिल्या. चंद्राबाईनं शेजारून पाहिलं, आणि गेल्या वर्षासारखी गुपचूप त्यांच्या वाटची रोपं लावायला हात लांबवला.

"हात मागं घे," साळूबाई म्हणाल्या. मग मोठ्यानं, सगळ्या खाचराला ऐकू जाईल अशा आवाजात, "माजा पाय अडकलाय गं! काडा मला!"

तिघींनी धरून काढलं. त्या बांधावर बसल्या, किटलीशेजारी. साळूबाईंनी चहा ओतून घेतला, एक घोट घेतला आणि खाचरातल्या बायका निरखायला लागल्या. चंद्राबाई ओळ सोडून कमरेवर हात ठेवून उभी होती. सगुणाबाई एका पायावर. धोंडाबाई तर रोप लावायच्या बहाण्यानं जवळजवळ बसलीच होती. आठ आणे सगळ्यांचेच संपले होते. वाटे सारखे पडल्याचा याहून सज्जड पुरावा कुठल्याही मशीननं दिला नसता.

"ऐका गं," साळूबाईंनी किटली बांधावर आपटली. "आजपास्नं बांध वाटून घ्यायचा. दोन दोन वळी झाल्या की एकीनं वर यायचं, दुसरीनं खाली. समद्यांनी बसायचं, म्यासुदिक. जी बसनार न्हाई तिला उद्याच्या सावडीत घ्येनार न्हाई."

"आनि बांधावरची म्हनायचं कुनाला?" चंद्राबाईनं विचारलं.

"जी जास्त येळ बसंल तिला."

त्यावर सगळ्या हसल्या, पण हसता हसता कुणाची पाळी पहिली यावरून वाद पेटला. आनंदरावांना खाचराकडं पाठ करून उभं करण्यात आलं. त्यांनी पहिलं नाव धोंडाबाईचं घेतलं. धोंडाबाई वर आली, पाय पसरून बसली, आणि दोन ओळी होऊन तिसरी निम्मी झाली तरी उठेना.

"ऊठ की गं धोंडे!" चिखलात परत उतरलेल्या साळूबाई ओरडल्या. "तुजा वाटा कवाच संपला!"

"कशावरनं?" धोंडाबाई म्हणाली, आणि तिनं किटली आपल्याकडं ओढली.